उजवा हात रजेवर जातो तेव्हा

पत्र बरंच लांबलचक आहे, त्यामुळे मुद्द्याचं तेवढं इथे देते:

"ताई, मी २६ वर्षांची आहे. गेल्या १४ महिन्यांत तीनदा झालंय. आधी डोळ्यासमोर चमचमणारी वाकडीतिकडी रेघ येते, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या, त्या वर चढत जातात, मग शब्द सापडत नाहीत आणि शेवटी हातातलं सगळं गळून पडतं. पहिल्यांदा कप पडून फुटला, सगळ्यांना वाटलं लकवाच मारला. सीटी, एमआरआय सगळं नॉर्मल. टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या वेळी हात दोन दिवस लुळा होता, तेव्हा कुठे न्यूरोलॉजिस्टनी हेमिप्लेजिक मायग्रेन असं नाव दिलं. घरी येऊन नेटवर वाचलं तर कोमा वगैरे, रात्रभर झोप नाही. काकू म्हणते डोकं दुखतं तर हात कसा जाईल, नाटकं आहेत. मैत्रिणीला साधं मायग्रेन आहे, तिची सुमाट्रिप्टानची गोळी घेऊ का? दर वेळी हॉस्पिटल गाठायचं का? हात कायमचा जाईल का? आईला तरुणपणी असंच झालं होतं म्हणे, मग माझ्या मुलांनाही होणार का? आणि ऑफिसमध्ये सांगू की नको?"

अगं, आधी काकूंचंच बघू, कारण पत्र वाचताना मला तरी असं वाटलं की कोमापेक्षा ते 'नाटकं' जास्त लागलंय तुला. मायग्रेनला आपण अर्धशिशी म्हणतो, म्हणजे अर्धं डोकं, आणि मायग्रेन हा शब्दसुद्धा फिरून फिरून अर्ध्या कवटीवरच्या ग्रीक शब्दावरूनच आलाय. लकव्याला अर्धांगवायू म्हणतो, म्हणजे अर्धं अंग. तुझ्या आजारात ही दोन्ही अर्धी एकत्र येतात. काकूंना एवढंच सांग की डोकेदुखी हा मायग्रेनचा फक्त एक भाग असतो, मूळ भानगड मेंदूत असते आणि हात हलवायचं कामही मेंदूच करतो. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही म्हणतात ना, त्यात मी माझ्याकडून एक भर घालते, झोपेत कुशीवर वळताना पण मागे राहून जाणाऱ्या हाताचं सोंग दोन दिवस कुणालाही आणता येत नाही.

आता माझ्याबद्दल, म्हणजे तू माझं किती ऐकायचं ते ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. मला हे १७व्या वर्षापासून आहे. पहिला अ‍ॅटॅक परीक्षेत आला, उत्तर डोक्यात तयार होतं पण पेन बोटांत राहीना, आणि पेपरकडे बघितलं तर शेवटच्या दोन ओळी घसरगुंडीवरून गेल्यासारख्या खाली उतरत गेलेल्या. सुपरवायझरना सांगायला तोंड उघडलं तर भलतेच शब्द बाहेर पडले आणि वर्ग हसला. नंतर ज्या दवाखान्यात नेलं तिथे कागदावर 'परीक्षेची भीती' एवढंच लिहिलं होतं. तो कागद मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता, रागाने. त्यामुळे तुला टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं हे वाचलं तेव्हा हसू पण आलं आणि चीड पण.

पण त्या डॉक्टरांची बाजू पण थोडी घेते. हा आजार खरंच दुर्मिळ आहे, साधारण १० हजारांत एकाला असावा असा अंदाज आहे, आणि दोन अ‍ॅटॅकच्या मधे तपासलं तर पेशंट ठणठणीत असतो, एमआरआय स्वच्छ. कुठल्याच मशीनवर 'हेमिप्लेजिक मायग्रेन' असं छापून येत नाही. डॉक्टर हे निदान करतात ते मुख्यतः तू सांगितलेल्या हकिगतीवरून, आणि सोबत बाकीचे आजार एकेक करून बाजूला काढून. निदानाच्या नियमात कमीत कमी दोन अ‍ॅटॅक लागतात, आणि त्यात ताकद जाऊन पूर्ण परत यायला हवी, शिवाय सोबत नजर, स्पर्श किंवा बोलणं यातलंही काहीतरी बिघडून सुधारायला हवं. म्हणजे पहिल्याच वेळी हे नाव मिळणं तसंही अवघडच होतं. माझं म्हणणं एवढंच की ही हकिगत नीट सांगता येणं हे तुझं सगळ्यात मोठं हत्यार आहे, आणि हकिगतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिनिटं.

मिनिटं का, ते सांगते. तुझ्या मुंग्या बोटांपासून वर चढतात असं तू लिहिलंयस, पण पुढे कुठे जातात ते नाही लिहिलंस. पुढच्या वेळी लक्ष दे, माझ्या तर कोपरापर्यंत येतात आणि मग खांदा, मान सगळं सोडून थेट ओठाच्या कोपऱ्यात आणि जिभेच्या अर्ध्या भागात उगवतात. मला वर्षानुवर्षं कळायचं नाही की मधला रस्ता कुठे गेला. उत्तर असं की मेंदूच्या वरच्या थरात शरीराचा जो नकाशा असतो त्यात हात आणि चेहरा शेजारी शेजारी राहतात. मुंग्या हातात नसतातच, त्या नकाशावर चालत असतात, आणि हाताचं घर संपलं की शेजारचं दार चेहऱ्याचं.

चालतं ते काय, तर एक लाट. १९४१ साली कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या मायग्रेनमधली ती चमचमती रेघ कशी पसरते ते वेळ लावून कागदावर काढून ठेवलं, आणि त्यावरून हिशोब केला की मेंदूत जे काही सरकतंय ते मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. मग १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडिस लिआओने सशांच्या मेंदूवर काम करताना खरोखरच अशी एक लाट पकडली, तिचा वेगही साधारण तेवढाच. लाट जिथे पोचते तिथल्या पेशी आधी एकदम खवळतात आणि मग काही वेळ गप्प बसतात. खवळल्या की चमचम, मुंग्या. गप्प बसल्या की डोळ्यासमोर भोक, बधिरपणा, शब्द गायब. आणि तुझ्यामाझ्यासारख्यांमध्ये ज्या भागातून हातापायाला हुकूम सुटतात तोही गप्प होतो, की हात गेला रजेवर. मुंगीच्या पावलांनी चालणारी लाट आहे ती, म्हणूनच एकेक लक्षण ५-१० मिनिटं घेत घेत पसरतं आणि एक संपता संपता दुसरं सुरू होतं.

स्ट्रोकमध्ये सहसा असं होत नाही. तिथे रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि त्या भागाचं काम बहुतेक वेळा एका झटक्यात जातं, चमचम नाही, मुंग्यांची वरात नाही, दिवा घालवल्यासारखं. पण ('पण' नीट वाच, याच्यासाठीच मी हे पत्र निवडलंय) हा फरक डॉक्टरला सांगण्यासाठी आहे, घरी बसून स्वतः निकाल देण्यासाठी नाही. अपवाद दोन्हीकडे असतात, आणि मायग्रेन असणाऱ्याला स्ट्रोक होतच नाही असा काही करार झालेला नसतो. काही स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तो वेळ 'बघू थोडं, माझं नेहमीचंच असेल' म्हणत घालवला तर परत मिळत नाही.

तर दर वेळी हॉस्पिटल का, याचं माझं उत्तर असं की सध्या हो. तुझे तीनच अ‍ॅटॅक झालेत, तुझा पॅटर्न अजून ना तुला पाठ आहे ना तुझ्या न्यूरोलॉजिस्टना. पुढे कधीतरी ते बसून तुझ्याशी ठरवतील की असं-असं झालं तर घरी थांब, आणि इतक्या वेळात उतरलं नाही किंवा अमुक झालं तर ये. ते त्यांनी ठरवायचं, मी नाही, नेटनेही नाही. आणि पॅटर्न पाठ झाला तरी वेगळं काही दिसलं की थेट इमर्जन्सी, म्हणजे चमचम-मुंग्या काही नाही आणि एकदम हात गेला, किंवा दर वेळी उजवीकडे व्हायचं ते डावीकडे झालं (बाजू बदलणं या आजारात होऊ शकतं, पण पहिल्यांदा बदलली की दाखवायचंच), किंवा ताप आणि मान आखडणं, फिट येणं, गुंगीत जाणं, आयुष्यातली सगळ्यात भयानक आणि क्षणात उठलेली डोकेदुखी, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं काहीही.

त्या मारावर जरा थांबते. काही जणांमध्ये डोक्याला लागलेली किरकोळ टपली, म्हणजे दुसरा कुणी चोळून कामाला लागेल इतकीच, त्यानेही अ‍ॅटॅक सुरू होतो, आणि तू जे कोमाचं वाचलंस ते बहुतेक याच गोष्टींमधलं असणार. असे गंभीर अ‍ॅटॅक खरे आहेत, ते खोटं नाही सांगणार. जास्त करून एका ठरावीक जीनच्या काही बदलांमध्ये दिसतात, ताप, गुंगी, मेंदूला सूज असं होतं, आणि बहुतेक जण त्यातूनही बाहेर येतात. पण नेटवर जे दुर्मिळातलं दुर्मिळ तेच आधी दिसतं गं, ठणठणीत झालेली माणसं काही लिहायला बसत नाहीत. तू एवढंच कर की डोक्यावर बॉल घ्यायचे खेळ सोड, हेल्मेट कधी टाळू नकोस, आणि कधी अँजिओग्राफीची वेळ आली तर आजाराचं नाव आधी सांग, त्यानेही काही जणांना अ‍ॅटॅक येतो.

हात कायमचा जाईल का? या आजाराची व्याख्याच अशी आहे की ताकद परत येते. बहुतेकांची काही तासांत, सहसा ७२ तासांच्या आत, काहींची मात्र आठवडे घेते, तेव्हा तिसऱ्या दिवशी हात पूर्ण आला नाही म्हणून आयुष्य संपलं असं समजायचं नाही (डॉक्टरांना मात्र कळवायचं). मागे काहीतरी कायमचं राहणं असतं पण क्वचित. एका प्रकारात हळूहळू तोल जायला लागतो, चालणं डगमगतं, म्हणून न्यूरोलॉजिस्ट तुला सरळ रेषेत चालायला लावतील किंवा नाकाला बोट लाव म्हणतील तेव्हा कंटाळू नकोस. माझं विचारशील तर वयाबरोबर कमी कमी होत गेलंय, आणि पन्नाशीकडे जाताना बऱ्याच जणांचं होतंही.

अजून एक. हात जड वाटणं आणि हाताची ताकद जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साध्या मायग्रेनमध्येही बधिर झालेला हात जड वाटतो, त्यामुळे कप पडणं हा काही पुरावा नाही, बधिर बोटांतूनही कप पडतो. डॉक्टरांना हेच ठरवायचं असतं. घरच्या कुणाला तरी शिकवून ठेव की अ‍ॅटॅक आला की आधी अँब्युलन्सला फोन, आणि ती येईपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा, डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर, १० सेकंद. ताकद गेलेला हात हळूहळू आत वळत खाली येतो, स्वच्छ दिसतं. मग हसायला सांगायचं, मग एक साधं वाक्य बोलायला सांगायचं. माझं निदान शेवटी झालं ते बहिणीने काढलेल्या अशाच हलत्या, अंधाऱ्या व्हिडिओमुळे, ज्यात निम्मा वेळ तिचा अंगठाच दिसतो. घड्याळाची वेळही तीच बोलली होती त्यात, "आता मुंग्या म्हणतेय, नऊ वीस... आता ओठ म्हणतेय, नऊ बत्तीस". बारा मिनिटं. डॉक्टरांनी ते दोनदा ऐकलं.

काकूंना हे काम दे. खरंच दे. नाटकं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कॅमेरा दिला की एका अ‍ॅटॅकमध्ये मत बदलतं, स्वानुभव आहे. आणि त्यांना हेही सांगून ठेव की तोंड वाकडं असताना किंवा बोलणं अडखळत असताना प्रेमापोटी पाणी पाजायचं नाही, गोळी भरवायची नाही, गिळणं बिघडलेलं असेल तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवायचं, अंधार करायचा, गप्प बसायचं. गप्प बसणं त्यांना जड जाईल, पण असो.

मैत्रिणीची गोळी: नको. सुमाट्रिप्टान आणि त्या घराण्यातल्या सगळ्या गोळ्या रक्तवाहिन्या आकसतात, अर्गोटामाइन हे मायग्रेनचं जुनं औषधही तसंच, आणि त्यांच्या माहितीपत्रकावरच हेमिप्लेजिक मायग्रेनमध्ये घेऊ नये असं असतं. काही अनुभवी डॉक्टर निवडक पेशंटना देतात हे खरंय, त्यांच्यात यावर मतभेद आहेत, पण तो वाद त्यांनी घालायचा, आपण मैत्रिणीच्या पर्समधून गोळी काढून नाही. सध्या दुखण्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या आणि मळमळीचं औषध, तेही तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि महिन्यात किती दिवस गोळी घेतलीस ते मोज, साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त पोटात जायला लागली की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे एक वेगळंच दुष्टचक्र आहे आणि त्यातून बाहेर पडणं भयंकर कंटाळवाणं.

वारंवार येत असेल तर रोज घ्यायची औषधं असतात, फ्लुनारिझिन, व्हेरापामिल, अ‍ॅसिटाझोलामाइड, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट अशी. आजार दुर्मिळ म्हणून मोठमोठे अभ्यास नाहीत, त्यामुळे डॉक्टर एक देऊन बघतात, काही महिने थांबतात, नाही जमलं तर दुसरं. म्हणजे डॉक्टरला काही कळत नाही असं नव्हे, पद्धतच ती आहे. मला फ्लुनारिझिनने फरक पडला पण झोप यायची आणि वजन वाढलं. अ‍ॅसिटाझोलामाइड आणि टोपिरामेटची गंमत अशी की त्यांच्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, मी पहिल्या आठवड्यात तीनदा अ‍ॅटॅक आला म्हणून आडवी झाले होते. ओळखायची खूण सोपी आहे, औषधाच्या मुंग्या सहसा दोन्ही हातांना येतात आणि चालत पुढे जात नाहीत.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण २६ वर्षांची आहेस म्हणून सांगते. पाळीसाठी किंवा गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेन असलेली गोळी चालू असेल किंवा कुणी सुचवली तर 'मला ऑरावालं मायग्रेन आहे' हे आधी सांग (चमचम, मुंग्या, शब्द न सापडणं या लक्षणांनाच ऑरा म्हणतात). त्या दोघांच्या एकत्र येण्याने स्ट्रोकचा धोका वाढतो, इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. सिगरेट ओढत असशील तर ती पण सोड, कारण तेच. मूल हवं असेल तर त्याच्या आधी औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेव, मायग्रेनवर देतात त्यातली काही, विशेषतः व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट, गर्भासाठी चांगली नाहीत.

आता आई. तिच्याशी निवांत बसून बोल, 'असंच झालं होतं म्हणे' यातलं 'म्हणे' काढून टाकता येतं का बघ, कोणती बाजू, किती वेळ, आधी डोळ्यांना काही दिसलं का. जवळच्या नात्यात अजून कुणाला असेल तर त्याला आनुवंशिक प्रकार म्हणतात, कुणालाच नसेल तर एकट्यापुरता. तीन जीन मुख्य आहेत, कॅक्ना-वन-ए १९९६ मध्ये सापडला, एटीपी-वन-ए-टू २००३ मध्ये आणि एससीएन-वन-ए २००५ मध्ये. तिन्हींचं काम थोडक्यात पेशीच्या दारातून कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांची ये-जा सांभाळायची, दार ढिलं किंवा पंप मंद असला की ती लाट सहज उठते. आई-वडिलांपैकी एकाकडे असा बदल असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के, पण उतरला म्हणजे तेवढाच तीव्र आजार होईल असं नाही, एकाच घरात एकाला दर महिन्याला आणि दुसऱ्याला आयुष्यात दोनदा असंही असतं. आणि टेस्ट नॉर्मल आली तरी निदान खोटं ठरत नाही, बऱ्याच जणांमध्ये या तीनपैकी काहीच सापडत नाही, माझ्यातही नाही सापडलं. करायची की नाही ते जेनेटिक काउन्सेलरशी बोलून ठरव, घाईचं काम नाही. मला विचारशील तर केवळ या भीतीने मूल नको म्हणण्यासारखं यात काही नाही.

न्यूरोलॉजिस्टकडून एक पानी पत्र मागून घे, आजाराचं नाव, नेहमीचा अ‍ॅटॅक कसा असतो, काय द्यायचं नाही, आणि शेवटी 'तरीही स्ट्रोक नाही याची खात्री करावी' असं. फोटो मोबाईलमध्ये, कागद पर्समध्ये. कारण त्या वेळी तुला बोलताच येणार नाही, मी एकदा इमर्जन्सीत स्वतःचं नाव विचारल्यावर "गुरुवार" म्हणाले होते. आणि रेघ चमकायला लागली की गाडी बाजूला, जिन्यावर असशील तर खाली बस, पोहायला एकटी जाऊच नकोस.

राहिलं ऑफिस. सगळ्यांना सांगायची काही गरज नाही, मेल वगैरे तर नकोच, लोक दिवसभर तुझ्या हाताकडेच बघत बसतील. पण शेजारच्या खुर्चीवरच्या एकीला नक्की सांग, आणि लांबण न लावता सांग: "मला कधीकधी मायग्रेनमध्ये उजव्या हातातली ताकद जाते आणि बोलता येत नाही, तसं झालं तर किती वाजलेत ते बघ, अँब्युलन्सला फोन कर आणि माझ्या पर्समधला कागद त्यांच्या हातात दे."